चंपतरावाच्या जीपचा डायरेक्ट पाइंट

वाडीच्या नाक्यावर त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यात डांबर इतकं पातळ झालं होतं, की कुंभाराचं एक गाढव तीन दिवस रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं. ट्रकवाले त्याला वळसा घालून जात आणि गाढव विचारात पडलं आहे म्हणत. चौथ्या दिवशी त्याला खुरांभोवती खणून काढावं लागलं. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी वाडीत जाऊन खड्डे बघावेत. चार आहेत.

त्या खड्ड्यांच्या समोर, एका गोदामाच्या भिंतीला टेकवलेल्या टिनाखाली नानाजीचं दुकान होतं. नानाजी गाड्यांचा वायरमन. दिवे, हॉर्न, डायनामो, बॅटऱ्या, गाडीत जे जे विजेवर चालतं ते सगळं त्याच्या हाताखालून जायचं. त्यानं बसवलेला हॉर्न ट्रक भंगारात गेल्यावरही आठ दिवस वाजतो, असं अमरावती रोडवर बोलत. माणूस बोलायला मऊ, पण मनात ठेवणारा. कुणी टोचून बोललं की तो हसायचा, आणि ते हसू पुढं कधीतरी वापरायला म्हणून ठेवून द्यायचा.

अशा माणसाच्या दुकानापुढं चंपतराव ठेकेदारानं एक दिवस आपली जीप आणून उभी केली.

चंपतराव तेंदूपत्त्याचा ठेकेदार. उन्हाळाभर कोंढाळीपलीकडच्या जंगलात त्याच्या फड्या लागत. फडी म्हणजे जंगलातली मोकळी जागा, जिथं गावोगावची माणसं बिडीची पानं तोडून, त्यांचे पुडके बांधून आणून टाकतात. चंपतराव जीपमध्ये बसून पुडके बघायचा आणि त्यातले अर्धे नापास करायचा. नापास पुडके परत न्यायची मात्र कुणाला मुभा नव्हती. ते शेजारी दुसऱ्या ढिगात पडायचे, आणि संध्याकाळी ट्रकमध्ये दोन्ही ढीग गळ्यात गळा घालून जायचे.

जीप मिलिटरीच्या लिलावातली. नाल्यातून, वाळूतून, पडलेल्या खोडांवरून सरळ जाणारी. खुद्द चंपतरावाचं ऐकायचं तर ती एकदा मोहाच्या झाडावर चढली होती आणि वरच्या अस्वलाला खाली उतरवून आली होती.

"पंखा बसवला हाये यात," चंपतराव म्हणाला. डॅशबोर्डावर कुठल्याशा जुन्या मोटारीतून काढलेला, परातीएवढा पंखा होता. "पण किल्ली काढली का बंद पडते. मले किल्ली काढूनई चालू पायजे. चोवीस तास. डायरेक्ट पाइंट मारून दे."

"किल्ली लावूनच ठेवा ना जी."

"मागच्या साली किल्ली लावून झोपलो होतो. डायव्हर गाडी घेऊन कोंढाळीले भजे खाले गेला. मले झाडाखाली उतरवून ठेवलं त्यानं, सतरंजीसकट. जागा झालो त गाडी नाही, डायव्हर नाही, चहूकडं माकडं." चंपतरावानं सदरा वर केला. कमरेच्या करगोट्याला जीपची किल्ली बांधलेली होती. "तवापासून गाडी मीच चालवतो आन किल्ली इथं राहते."

काम दोन तासांचं. बॅटरीपासून जाड वायर काढायची, मध्ये फ्यूज द्यायचा, डॅशबोर्डाला भोक पाडून सॉकेट बसवायचं आणि पंख्याची पिन त्यात खोचायची. किल्ली मध्ये येतच नाही. पण चंपतराव नानाजीच्याच स्टुलावर बसला, नानाजीच्याच अवजारांच्या पेटीवर पाय ठेवले आणि दोन तासांचे पाच तास केले. एक सूत डावीकडं घे. आता वर घे. नाही, पहिलं बरं होतं. तीन भोकं पाडून दोन बुजवावी लागली. चार ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन बघत उभे होते.

दुपारी नानाजीनं डबा उघडला. तेवढ्यात चंपतरावानं बॉनेटखाली हात घालून काहीतरी चाचपलं आणि बोटं ग्रीसनं काळी करून घेतली. मग त्यानं वाकून डब्यातली वरची पोळी उचलली, पाचही बोटं एकेक करून सावकाश तिला पुसली, पोळी होती तशी दुमडून परत डब्यात ठेवली आणि वर झाकण लावलं.

"चिंधी नाही ठेवत का गा दुकानात?" तो म्हणाला.

ट्रकवाले हसले. नानाजीही हसला.

आता जीपच्या डॅशबोर्डावर एक काटा असतो. बॅटरी भरत असली की तो उजवीकडं झुकतो, उतरत असली की डावीकडं. शहाणा वायरमन जे काही नवीन बसवेल ते त्या काट्यातून फिरवून आणतो, म्हणजे वीज खाल्ली जातेय हे मालकाला डोळ्यांनी दिसतं. वर तोंडानं सांगतो, की इंजिन बंद ठेवून हे दीड तासावर चालवू नका, गाडी उठायची नाही. लाऊडस्पीकरच्या गाड्यांना तर नानाजी वेगळी बॅटरीच जोडून द्यायचा. धंद्यातली ही साधी रीत होती, आणि बावीस वर्षांत ती त्यानं एकदाही मोडली नव्हती.

त्या दुपारी मोडली. त्यानं वायर काट्याला न विचारता थेट बॅटरीच्या टोकावरून घेतली, चेसिसच्या कडेकडेनं लपवत वर आणली, आणि तोंडानं काहीच सांगितलं नाही. पिन खोचल्याबरोबर पंखा भर्र फिरला. काटा मधोमध निवांत.

"बॅटरी त नाही ना उतरन?" चंपतरावानं विचारलं.

"काटा पाहा ना जी. हालला का?"

काटा हलला नव्हता. नानाजीच्या डोळ्यांसमोर मात्र एक चित्र हललं: भर दुपार, निष्पर्ण जंगल, मेलेली जीप आणि तिच्यात वांग्याच्या भरतासारखा भाजत पडलेला चंपतराव ठेकेदार. चित्र इतकं गोड होतं, की ग्रीसची पोळी त्यानं कुरकुर न करता कुत्र्याला टाकली. कुत्र्यानं ती हुंगली आणि ज्याच्याशी त्याचं पटत नव्हतं अशा दुसऱ्या कुत्र्यापुढं नेऊन ठेवली.

मग मजुरीचा विषय निघाला, आणि इथं सगळं फिरलं.

"पोट्टीचं लगन हाये म्हंतेत तुह्या," चंपतराव म्हणाला. "कोठी देल्ली?"

"उंबरधऱ्याले जी. रुपराव म्हणून हायेत, त्यायच्या पोराले."

"रुपराव? माह्या फडीवरचा मुन्शी रुपराव?" चंपतरावाचा चेहरा एकदम उजळला. "मंग मजुरी कायची घेतं बावा. नवरी माह्या जीपीतून जाईन. मी स्वता चालवत नेतो."

हे तो मनापासून बोलला. दुष्ट माणसाला असा एखादा चांगुलपणाचा झटका येतो, आणि तो नेमका नको तेव्हा येतो.

उंबरधऱ्याला रस्ता नव्हता. एस.टी. नऊ मैल अलीकडं सोडायची, पुढं बैलगाडी किंवा पाय. आणि रुपरावानं साखरपुड्यातच चार माणसांदेखत ऐकवलं होतं, "लगन माह्या दारी, आन मुहूर्त बारा वाजून धा मिनिटं. माह्या मांडवात मुहूर्त टळत नसते. तुमची पोरगी येळेवर उभी नाही झाली, त माह्या साळ्याची पोरगी तयारच हाये." नानाजी तेव्हा हसला होता, पण ते हसू काही त्याला साठवता आलं नव्हतं. अशा घरात मुलगी बैलगाडीच्या धुळीत माखून उतरण्याऐवजी जीपमधून उतरणार म्हटल्यावर त्याची छाती टिनाला लागली.

वायरचं त्याला आठवलं, नाही असं नाही. सांगून टाकावं असंही एकदा वाटलं. पण सांगितलं की जीप गेली. मग त्यानं मनाशी मांडणी केली. वाडी ते उंबरधरा अडीच तास. इंजिन चालू असतं तोवर डायनामो बॅटरी भरतच असतो, पंखा कितीही फिरो. धोका फक्त गाडी उभी राहिली तर. आणि लग्नाला जाताना कोण कशाला थांबतं. तरी आदल्या दिवशी जीप दुकानावर बोलावून त्यानं बॅटरी काठोकाठ भरून दिली, टोकं घासली, व्हॅसलीन लावलं. चंपतराव म्हणाला, "माणूस इमानदार हायेस गा." नानाजीनं व्हॅसलीन जरा जास्तच लावलं.

वऱ्हाडी मंडळी आदल्या दिवशीच गाडीबैलांनी पुढं गेली होती. लग्नाच्या दिवशी सकाळी सातला जीप निघाली. पुढं चंपतराव आणि नानाजी, मागं नानाजीची बायको प्रेमिला आणि हळदीच्या पिवळ्या लुगड्यातली शामला, मांडीवर पत्र्याची पेटी. शामला एकोणीस वर्षांची, कमी बोलणारी. बापासारखं हसू साठवण्याची तिला सवय नव्हती. ती मुळात हसायचीच कमी.

कोंढाळी मागं पडली, डांबर संपलं, जंगल लागलं. सव्वानऊला एका कोरड्या नाल्याच्या वाळूत चंपतरावानं गाडी थांबवली. समोर पळसाच्या सावल्यांत पानांचे ढीग आणि तीसेक बायामाणसं. फडी.

"अर्धा घंटा," तो म्हणाला. "आलोच हावो त पाहून घेतो." त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढून करगोट्याला बांधली, आणि पंखा तोंडावर वळवला.

नानाजी गाडीतून खाली उतरला.

पंखा फिरत होता. माणसं उन्हात रांगेनं येत होती, पुडके दाखवत होती. चंपतराव वाऱ्यात बसून नुसतं बोट हलवत होता. हे पास, हे नापास, हे नापास. सिंधूताई नावाची एक म्हातारी, ताडासारखी उंच, तिचा अख्खा भारा नापास झाला. एका पानालाही भोक नव्हतं. तिनं भारा ढिगावर टाकला आणि पंख्याच्या वाऱ्यात क्षणभर उभी राहिली.

"सरक," चंपतराव म्हणाला. "वारा अडून राहिला."

अर्ध्या तासाचा तास झाला. मग चंपतरावानं पाय डॅशबोर्डावर टाकले, तोंडावर टोपी घेतली आणि घोरायला लागला. त्याचं घोरणं असं होतं म्हणतात, की फडीवरची वाळलेली पानं त्याच्या श्वासाबरोबर आत-बाहेर करायची.

नानाजी जीपला चिकटून उभा होता. पंख्याचा आवाज ओळखणं हा त्याचा धंदा. दहा वाजता पंखा भर्र म्हणत होता. सव्वादहाला घर्र म्हणू लागला. साडेदहाला पाती एकेक करून मोजता येतील की काय अशी झाली. आत्ता थांबवला तर सेल्फ मारून गाडी एकदा उठेल. एकदाच. पुढं सात मैल जीपची वाट. अकराच्या आत मांडवात.

त्यानं हात घालून पिन उपटली.

वारा थांबल्याबरोबर टोपीखालून आवाज आला. "काहून काढली?"

"गाडी चालू करा जी आता. बॅटरी उतरून राहिली."

चंपतरावानं टोपी बाजूला केली आणि काट्याकडं पाहिलं. "काटा त मधात हाये."

हीच ती वेळ. मी काटा चुकवून वायर घेतली. पाच शब्द होते. नानाजीनं मागं पाहिलं. शामला त्याच्याकडंच बघत होती, कपाळावर घामाबरोबर हळद उतरत होती. हे पाच शब्द बोलले तर चंपतराव कदाचित इथंच सगळ्यांना खाली उतरवील. नाही बोलले तर बॅटरी जाईल. नानाजीनं तोंड उघडलं, आणि बावीस वर्षं मुरलेला वायरमन भलतंच बोलला.

"पंख्याचं बेअरिंग गरम होते जी. मनून म्हटलं."

"बेअरिंग माहं, पंखा माहा. तुह्या पोटात काहून दुखून राहिलं?" चंपतरावानं पिन स्वतःच्या हातानं परत खोचली. "माह्या वाऱ्यावर डोळा ठेवते. आता अजून अर्धा घंटा झोपतो, पाय."

"मुहूर्त हाये जी पोरीचा."

"मुहूर्त माह्या मुन्शीचा हाये. मी पोचल्याबिगर त्याच्या बापाची हिंमत नाही अक्षता टाकाची."

हे खोटं होतं. रुपराव मालकाला भीत असे, पण घड्याळाला जास्त. चंपतरावानं टोपी पुन्हा तोंडावर घेतली. पंखा आणखी अकरा मिनिटं फिरला. शेवटचे फेरे इतके सावकाश, की एक माशी पात्यावर बसून पूर्ण फेरी मारून उतरली.

उकाड्यानं चंपतराव उठला. किल्ली लावली, सेल्फ दाबला. आतून टक असा आवाज आला. पुन्हा टक. तिसऱ्यांदा तोही आला नाही.

नानाजीनं न सांगताच हँडल काढलं, पुढं घातलं आणि फिरवू लागला. त्याला ठाऊक होतं की बॅटरीत ठिणगीपुरताही जीव नसेल तर हँडल फिरवून फक्त खांदा निखळतो. तरी तो फिरवत राहिला. लग्नासाठी घातलेला पांढरा सदरा पाठीला चिकटला. पंधरा मिनिटांनी हँडल निसटून आदळलं आणि मनगट सुजलं.

"ढकलून चढावर नेऊ आन उतारावर सोडू," चंपतराव म्हणाला. "चला रे सारे."

कुणी उठलं नाही. सिंधूताई सावलीत पानाला पान लावत होती.

"बाई, हात लावा जी जरा," नानाजीनं तिच्यापुढं हात जोडले. "पोरीचं लगन हाये माह्या. बारा-दहाचा मुहूर्त हाये."

"लावला असता, भाऊ," ती म्हणाली. "पण याच हातानं बांधलेलं आताच नापास झालं नं. नापास हातानं साहेबाची गाडी कशी ढकलाची? उद्या गाडी नापास झाली त?"

सगळी फडी हसली. तीस माणसं, दोन ढीग, एक मेलेली जीप आणि वाळूत उभी पिवळी नवरी. हसू थांबायला बराच वेळ लागला.

चंपतराव मात्र हसला नाही आणि चिडलाही नाही. तो काट्याकडं बघत होता. मग खाली उतरला, बॉनेट उघडलं, आणि सॉकेटच्या मागून निघालेल्या वायरीवर एक बोट ठेवलं. बोट वायरीबरोबर चालू लागलं. चेसिसच्या कडेनं, फ्यूजवरून, पट्टीखालून. नानाजी बघत होता, त्या बोटाला ग्रीस लागत होतं. बोट बॅटरीच्या टोकावर, व्हॅसलीनच्या गोळ्यात जाऊन थांबलं.

"काट्यातून नाही घेतला," चंपतराव म्हणाला.

नानाजीनं हँडल वाळूत ठेवलं.

"चुकून?"

"नाही जी."

चंपतरावानं बोट पुसायला इकडंतिकडं पाहिलं आणि त्याला आठवलं. "पोयीसाठी?"

"हो जी."

"मनजे मी मरावं मनून केलं. आन पोरगी त्यातच बसवली." चंपतराव पहिल्यांदा हसला. "बुद्धी भल्ली हाये गा तुले. इतकी मले असती त मी वायरमनच झालो असतो."

प्रेमिला पेटी धरून उभी होती. तिला आधी काट्याचं कळलं नाही, मग कळलं. "मले सांगतलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली, "त दुसरी पोयी करून देल्ली असती ना मी."

फडीपासून उंबरधऱ्याला पाऊलवाटेनं तीन मैल. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. झपाट्यानं चाललं तर बाराला मांडव. सिंधूताई आपणहून उठली, तिनं दोन सुनांना हाक मारली आणि नवरीची पेटी एकीच्या डोक्यावर दिली. गाडीवर राग होता, पोरीवर नव्हता. नानाजीनं सुजल्या हातानं रेशमी कोशा पटका डोक्यावर नीट केला आणि वाटेला लागला.

"तू कोठी?" चंपतराव म्हणाला.

"पोरीचं कन्यादान हाये जी."

"कन्यादान मी करतो." चंपतरावानं छत्री उघडली. आवाज अगदी घरगुती होता. "हे पाय, नानाजी. दोन गोष्टी हायेत. एक, तू संगं येतं. मंग मी रुपरावले सांगतो, का तुह्या व्याह्यानं माही गाडी जाणूनबुजून जंगलात मारली. रुपराव माह्या भरोशावर चूल पेटवते, मांडवातून उठवीन तो तुह्या पोरीले. साळ्याची तयारच हाये म्हंते. दुसरी, तू इथं गाडीपाशी बसतं, आन मी सांगतो का पोरीच्या बापाले ऊन लागलं. पोरगी सुखानं नांदन. बोल."

नानाजीनं प्रेमिलाकडं पाहिलं. प्रेमिलानं शामलाकडं पाहिलं.

शामलानं कपाळावरची हळद पदरानं टिपली. "बाबा, तुमी थांबा," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. दुकान बंद करताना कुलूप कुठं आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. "बोलत बसाले टाइम नाही."

आणि ती चालू लागली. पुढं सिंधूताईच्या दोन सुना, मग नवरी, मग प्रेमिला, आणि सगळ्यांच्या मागं छत्रीखाली चंपतराव, ज्याचे पाय जंगलातल्या वाटेला बारा वर्षांत लागले नव्हते. प्रेमिलानं वळणावर मागं पाहिलं. शामलानं पाहिलं नाही.

नानाजी जीपच्या पायरीवर बसला. सिंधूताई पुडके बांधत होती, त्याच्याकडं न बघता. बऱ्याच वेळानं ती थांबली आणि मान कलती केली.

"वाजंत्री चालू झाली."

नानाजीनं कान दिला. त्याला काही ऐकू येईना. तीन मैल होते.

"आता पोरगी पोचली," ती म्हणाली. "डफडं कसं जोरात झालं, पाय. आता पाय धूऊन राहिले कोनाचे तरी. ठेकेदाराचेच असन. मोठा माणूस आला मनल्यावर रुपराव सोडते काय." तिनं दोरा दातानं तोडला. "आता थांबली. अंतरपाट धरला. आता भटजी म्हणून राहिला."

"खरंच ऐकू येते काय वं बाई तुले?"

"मले येते. तुले काहून येत नाही, तुयी पोरगी होय ना?"

तो उठून वाळूत दहा पावलं पुढं गेला आणि उभा राहिला. पळसाच्या पानात वारा होता, दुसरं काही नव्हतं. मागून सिंधूताई एकेक सांगत होती, कधी मंगलाष्टक चढलं, कधी पोरगी रडली, कधी नवरदेवाच्या मामानं विडा दिला. सगळं खरं होतं की म्हातारी दुपार घालवत होती, ते तिचं तिला माहीत. बारा-दहाला मात्र ती गप्प झाली, आणि नानाजीनं नकळत हात वर केला. हातात तांदूळ नव्हते. वाकून उचलावं म्हटलं तर वाळूच होती. त्यानं हात तसाच खाली घेतला.

दीड वाजता उंबरधऱ्याहून एक गडी बैलजोडी आणि दोर घेऊन आला.

"ठेकेदारसाहेबानं गाडी बोलावली," तो म्हणाला. "तुमी स्टेरिंगवर बसा, मी वढतो. लगन झाकास झालं. येळेवर लागलं, मिनिटभर मागंपुढं नाही."

"कन्यादान कोणं केलं?"

"साहेबानं. बायको संगं नव्हती, त कमरेले सुपारी खोसली तिच्या नावाची. भटजीनं चालते म्हटलं. पोरीच्या मायनं बसावं, त ती एकटी कशी बसन, घरधनी जिता हाये ना तिचा. मंग उभीच होती बिचारी बाजूले." गड्यानं दोर बंपरला बांधला. "पोरीच्या बापाले ऊन लागलं म्हंतेत. तुमाले माहीत हाये काय, कसा हाये तो?"

नानाजीनं स्टिअरिंग धरलं. "बसला हाये," तो म्हणाला.

सात मैलांची वाट बैलांनी अडीच तासात ओढली. किल्ली चंपतरावाच्या कमरेला, बॅटरी मेलेली, आणि नानाजी आपल्याच हातानं वायरिंग केलेल्या गाडीत, बैलांच्या शेपट्यांमागं, लग्नाचा पटका बांधून. वाटेतल्या दोन पाड्यांवरची पोरं मागं धावत होती. त्यांनी नवरदेव बैलांनी ओढलेल्या जीपमधून जाताना कधी पाहिला नव्हता, आणि इतका म्हातारा तर नाहीच.

मांडवात शेवटची पंगत बसत होती; वाडीची वऱ्हाडी मंडळी जेवून गाडीबैलांनी परतली होती, प्रेमिला आत बायांत होती. केळीचे खांब उन्हानं लोळले होते. एका कोपऱ्यात सतरंजीवर चंपतराव लोडाला टेकला होता, खांद्यावर जरीचा दुपट्टा, कपाळावर ठसठशीत कुंकू, पायांना अजून ओलावा. शेजारी रुपराव हात जोडून. शामला नवऱ्याकडच्या बायांच्या घोळक्यात, डोईवर पदर, खाली मान घालून बसली होती. तिला कुणीतरी कोपरानं ढोसलं. तिनं डोळे वर केले, बापाला पाहिलं आणि पुन्हा खाली केले. ओळख दाखवली असती तर त्याला लागलेलं ऊन खोटं पडलं असतं, हे तिला समजत होतं. समजूतदार मुलगी होती.

नानाजी मांडवाच्या खांबाशी उभा राहिला. सदऱ्याला ग्रीस, मनगट सुजून दुप्पट.

रुपरावानं त्याला ओळखलं आणि उठायला गेला, पण चंपतरावानं त्याच्या मांडीवर हात ठेवला. "बस, बस. मी पाहतो." मग तो नानाजीकडं वळला, पाहुण्याला विचारावं तसा, चार लोकांना ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात.

"या जी, या. पोरीकडले काय तुमी?"

पंगतीतली माणसं घास हातात धरून बघत होती.

"हो जी," नानाजी म्हणाला.

"मंग बसा. जेवल्याबिगर जाचं नाही."

तो पंगतीच्या टोकाला बसला. त्याच्यापुढं पत्रावळ पडली. बुंदी संपली होती, वरणही संपलं होतं. वाढप्यानं भाताची खरवड वाढली, वर मिठाची चिमूट ठेवली आणि विचारलं, "मोठेबुवा, कोण लागता पोरीचे?" नानाजीनं घास केला होता. तो चावून गिळेपर्यंत वाढपी पुढच्या पत्रावळीकडं गेला होता.